पिल्लांचे खाणे : आजीच्या वेळचे आणि आताचे

कोंबडीची पिल्ले आपण सर्वांनी पाहिली आहेत. आमच्या माण तालुक्यात घरोघरी दोन-चार तरी कोंबड्या असतात. आमच्या वर्गात २३ मुले आहेत, त्यांपैकी १९ जणांच्या घरी खुराडे आहे. पण पिल्लांना काय खायला घालावे, याबद्दल घरात एकमत नसते. आमच्याही घरी नाही. आजी एक सांगते, आई दुसरे सांगते. म्हणून मी दोघींना विचारले, गुरुजींना विचारले, पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारले आणि हा लेख लिहिला. आज पालक सभेला आलेल्या मोठ्या माणसांनीही तो वाचावा.

पिल्लू अंड्यात काय खाते?

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली की २१ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. अंड्यात पांढरे आणि पिवळे असे दोन भाग असतात. पिवळ्या भागाला बलक म्हणतात. पिल्लू अंड्यातच वाढते आणि हेच खाऊन वाढते. बाहेर येण्याच्या आधी राहिलेला बलक त्याच्या पोटात ओढला जातो. ही त्याची शिदोरीच असते. ती साधारण दोन दिवस पुरते. म्हणून तर एक दिवसाची पिल्ले खोक्यात घालून गाडीने लांबच्या गावाला पाठवता येतात.

आजीला हे पुस्तकातले ठाऊक नव्हते. पण ती म्हणते, "पहिल्या दिशी पिलाला डिवचू नगं. त्येचं पोट भरल्यालं असतं." म्हणजे आजीचे बरोबर आहे. मात्र डॉक्टर म्हणाले की पिल्लू वाळून उभे राहिले की त्याच्यापुढे पाणी आणि थोडे खाणे ठेवावे. लवकर खायला लागलेले पिल्लू चांगले वाढते. पहिल्या पाण्यात थोडा गूळ घातला तर त्याला तरतरी येते.

आजीच्या वेळचे खाणे

आजीच्या लहानपणी पिल्लांसाठी विकत काही आणत नसत. जात्यावर दळताना जाड भरडा बाजूला काढायचे. तो बाजरीचा किंवा ज्वारीचा असे. पहिले आठ दिवस भरडा थोड्या पाण्यात भिजवून द्यायचे. मग कोरडाच टाकायचे. पाखडताना सुपातून पडलेले दाणे, भाकरीचा चुरा, ताटातले उरलेले, हेही पिल्ले खायची. बाकीचे त्यांची आई शोधून देई.

कोंबडी पिल्लांना कसे शिकवते ते बघण्यासारखे आहे. ती पायाने माती उकरते. किडा दिसला की स्वतः गिळत नाही. चोचीत धरते, खाली टाकते, पुन्हा उचलते आणि 'कुट कुट कुट' असा आवाज करते. पिल्ले पळत येतात. जे पहिले येईल त्याला किडा मिळतो.

आजीचे सगळ्यात आवडते खाणे म्हणजे वाळवी. आपल्याला वाळवी नको असते, कारण ती दार-चौकट खाते. पण पिल्लांना ती फार आवडते. ती पकडायची आजीची रीत अशी आहे. एक फुटके मडके घ्यायचे. त्यात शेणाच्या गोवरीचा चुरा आणि वाळके गवत भरायचे. वर पाणी शिंपडायचे. शेतात जिथे वाळवी असेल तिथे मडके संध्याकाळी पालथे घालायचे. सकाळी उचलले की आत पांढरी वाळवी वळवळत असते. मडके अंगणात आणून पिल्लांपुढे झटकायचे. क्षणात सगळे साफ!

आजी म्हणते, "किडा खाल्ल्याबिगर पिलाला बाळसं येत न्हाई." हे का खरे आहे, ते पुढे सांगते.

दुष्काळातली पिल्ले

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. तेव्हा आजी १४ वर्षांची होती. तिचे आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. आजीही जाई. रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी मिळायची. ती परदेशातून आलेली होती. कामावर सुकडी वाटत.

आजीच्या घरी तेव्हा एकच कोंबडी होती आणि तिची सहा पिल्ले होती. घरात माणसांनाच धान्य पुरत नव्हते. आजीच्या आईने सांगितले, "पिलांस्नी दाणा टाकायचा न्हाई. जगली तर जगली." आजी त्यावर काही बोलली नाही. तिने घरातले फुटके मडके घेतले. पाणी तर प्यायलाच नव्हते, म्हणून भांडी विसळलेले पाणी ती मडक्यावर शिंपडायची. ओढ्याकडेच्या वाळक्या बाभळीखाली मडके पालथे घालायची. पहाटे कामावर जाण्याच्या आधी ते उचलून आणायची. सुकडी खाल्ल्यावर हाताला आणि फडक्याला जो चुरा राही, तोही ती पदरात बांधून पिल्लांसाठी आणायची.

सहापैकी चार पिल्ले जगली. त्यांपैकी दोन तलंगा होत्या. त्या अंड्यावर आल्या तेव्हा घरात कुणी अंडे खाल्ले नाही. सगळी अंडी आठवड्याच्या बाजारात विकली. त्या पैशांतून मीठ, मिरची आणि रॉकेल आणले. आजी सांगते, "आमच्या घरात दिवा लागला तो त्या पिलांच्या जिवावर."

हे ऐकल्यापासून आमच्या घरात वाळवीच्या मडक्याला कोणी हसत नाही.

आईच्या वेळचे खाणे

आई लहान होती तेव्हा तिच्या माहेरी गिरिराज जातीची पिल्ले आणली होती. ही जात बंगळूरला तयार झाली. हे पक्षी गावठी कोंबडीपेक्षा मोठे होतात. ती पिल्ले यंत्रात उबवलेली होती. त्यांना आईच नव्हती. मग त्यांना खायला कोण शिकवणार?

तेव्हा माझ्या आईने शिकवले. खाली कागद पसरायचा, त्यावर मक्याचा बारीक भरडा पसरायचा आणि बोटाने टक टक वाजवायचे. पिल्लांना वाटते कोंबडीच चोच मारते आहे. तीही टोचायला लागतात. एकाने खाल्ले की बाकीची बघून खातात. पाण्यात एकेकाची चोच हळूच बुडवायची म्हणजे त्यांना पाणी कळते. पाणी पसरट ताटलीत द्यायचे आणि त्यात स्वच्छ खडे ठेवायचे. नाहीतर पिल्लू पाण्यात पडून भिजते, गारठते आणि मरते.

आताचे खाणे

आता दुकानात पिल्लांचे तयार खाद्य पोत्यात मिळते. त्याला चिक स्टार्टर म्हणतात. त्यात मक्याचा भरडा, सोयाबीनची पेंड, क्षार आणि जीवनसत्त्वे घातलेली असतात. अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य वेगळे असते. त्यात कवच घट्ट होण्यासाठी चुना जास्त असतो. ते लहान पिल्लांना देऊ नये. एवढा चुना पिल्लांच्या मूत्रपिंडाला सोसत नाही.

डॉक्टरांनी सांगितले की लहान पिल्लाच्या खाद्यात १०० ग्रॅमला साधारण २० ग्रॅम प्रथिने असावीत. प्रथिनांनी मांस आणि पिसे तयार होतात. बाजरीत १०० ग्रॅमला साधारण ११ ग्रॅमच प्रथिने असतात. म्हणजे नुसत्या बाजरीवर पिल्लू जगते, पण भरभर वाढत नाही. राहिलेली प्रथिने कुठून आणायची? पूर्वी ती किड्यांतून आणि वाळवीतून मिळत. आता ती सोयाबीनच्या पेंडीतून मिळतात. आजीच्या बाळशाचा अर्थ हाच आहे.

गुरुजींनी आम्हांला एक हिशोब घालून दिला. घरचे खाद्य करायचे असेल तर १० भाग असे घ्यावेत :

बाजरीचा भरडा ७ भाग : ७ × ११ = ७७
शेंगदाण्याची पेंड २ भाग : २ × ४० = ८०
सुकटीची पूड १ भाग : १ × ५० = ५०
एकूण : २०७
२०७ ला १० ने भागले की सुमारे २१ येतात.

म्हणजे घरच्या खाद्यातही पुरेशी प्रथिने येऊ शकतात. हे भाग वाटीने नव्हे, वजनाने मोजावेत. सुकट मात्र मीठ लावलेली नको. जास्त मीठ पिल्लांना विषासारखे असते.

पेंड बघून घ्या

पेंडीला किंवा मक्याला बुरशी आली असेल तर ती पिल्लांना मुळीच देऊ नका. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. आधी रोग कळेना. मग शोध लागला की त्यांच्या खाद्यात बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड होती. त्या बुरशीच्या विषाला अफ्लाटॉक्सिन असे नाव दिले. ते विष यकृत खराब करते. आपल्याकडे पावसाळ्यात शेंगा भिजतात आणि काळ्या पडतात. अशा शेंगा 'कोंबड्यांना होतील' म्हणून बाजूला ठेवतात. तसे करू नये.

कोंबड्यांनी लावलेला शोध

गुरुजींनी सांगितलेली ही गोष्ट मला फार आवडली. सुमारे १३० वर्षांपूर्वी जावा बेटावर आइकमान नावाचे डच डॉक्टर होते. तिथे माणसांना बेरीबेरी नावाचा रोग होई. पाय लुळे पडत. एकदा त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचेही पाय लुळे पडले. काही दिवसांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. डॉक्टरांनी चौकशी केली. तेव्हा कळले की मधल्या काळात कोंबड्यांना दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला सडलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात घालत होते. मग नवा आचारी आला. तो कोंबड्यांना तो तांदूळ देईना. त्यांना पुन्हा बिनसडीचा तांदूळ मिळू लागला आणि त्या चालू लागल्या.

तांदूळ सडताना जो कोंडा निघून जातो त्यातच ब-१ जीवनसत्त्व असते. या कामासाठी आइकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून पिल्लांच्या भरड्यातला कोंडा चाळून टाकू नये. आपणही पिठातला कोंडा फार चाळू नये.

आमच्या घरचे दोन डाव

यंदा आमच्या काळ्या आणि तांबड्या अशा दोन्ही कोंबड्या एकाच दिवशी रवणीला बसवल्या. काळीची ९ पिल्ले निघाली आणि तांबडीची १०. तेव्हा आई म्हणाली, "आत्याबाई, काळीची पिल्लं तुमच्या रीतीनं वाढवा, तांबडीची मी वाढवते. बघू काय होतंय." आजी हसून म्हणाली, "बघ की! कोंबडं कुणाचं आधी आरवतंय ते कळंल."

आजीची पिल्ले कोंबडीबरोबर मोकळी फिरली. त्यांना भरडा आणि वाळवी मिळाली. रात्री ती डालग्याखाली झाकायची. आईची पिल्ले खोक्यात बल्बखाली ठेवली. खाली शेंगांची वाळलेली टरफले अंथरली. त्यांना पोत्यातले खाद्य दिले. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती तीन-तीन अंशांनी कमी करायची. ऊब बरोबर आहे का ते पिल्लेच सांगतात. बल्बखाली दाटी केली तर त्यांना थंडी वाजते. लांब जाऊन चोच उघडून बसली तर उकडते. सगळीकडे पसरून खात असली तर बरोबर आहे.

मी दर रविवारी वहीत लिहून ठेवले. सहा आठवड्यांनी दुकानदार काकांच्या तराजूवर पिल्ले तोलली.

आजीची पिल्ले : ९ पैकी ५ राहिली. सरासरी वजन १९० ग्रॅम. विकतच्या खाद्याचा खर्च काही नाही.
आईची पिल्ले : १० पैकी ९ राहिली. सरासरी वजन २८० ग्रॅम. खाद्य ८ किलो, खर्च ३६० रुपये.

आकडे बघून सगळे म्हणाले, आई जिंकली. पण मी वहीतले कारण वाचून दाखवले. आजीची चार पिल्ले कशी गेली? दोन घारीने उचलली, एक मांजराने नेले आणि एक वळवाच्या पावसात भिजून मेले. खाण्यामुळे एकही मेले नाही. आईचे एक गेले, ते रात्री लाईट गेली तेव्हा गारठून. म्हणजे पिल्ले जगली ती राखणीमुळे आणि उबेमुळे. वजन वाढले ते खाद्यामुळे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आईचा आणखी एक फायदा झाला. पिल्ले वेगळी ठेवल्यामुळे तांबडी कोंबडी लवकर पुन्हा अंड्यावर आली. काळी मात्र पिल्लांच्या मागेच फिरत होती. पण ३६० रुपये आधी घालावे लागतात. ते सगळ्यांकडे नसतात. आजी म्हणाली, "पैसा आसल तवा पोतं आण. नसंल तवा मडकं हाय."

आता दोघींनी मिळून ठरवले आहे. पहिले तीन आठवडे पिल्ले आत ठेवायची आणि त्यांना घरचे मिश्र खाद्य द्यायचे. सकाळी वाळवीचे मडके आत झटकायचे. घारीला उचलता येणार नाहीत एवढी मोठी झाली, की मग मोकळी सोडायची. मोकळी सोडल्यावर ऊनही मिळते. उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होते आणि पाय मजबूत होतात.

खाण्याइतकेच महत्त्वाचे

पिल्लांना कितीही चांगले खायला घातले तरी मानमोडी आली की एका आठवड्यात खुराडे रिकामे होते. या रोगाला राणीखेत असेही म्हणतात. हिमालयातल्या राणीखेत गावावरून हे नाव पडले. दोन वर्षांपूर्वी आमच्या वाडीत हा रोग आला होता. आमच्या १४ पक्ष्यांपैकी दोनच राहिले. त्या वर्षी आईने माझ्या दप्तरासाठी कोंबड्या विकायच्या ठरवल्या होत्या. दप्तर जुनेच शिवून घेतले. त्याचे मला काही वाटत नाही. पण आजी दोन दिवस रिकाम्या खुराड्यापुढे बसून होती, त्याचे वाटते.

या रोगावर औषध नाही, पण लस आहे. पिल्लू ५ ते ७ दिवसांचे झाले की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकतात. चौथ्या आठवड्यात पुन्हा देतात आणि आठ आठवड्यांनी पंखाखाली टोचतात. लस बर्फात ठेवावी लागते. एका बाटलीत १०० पिल्लांची लस असते आणि बाटली उघडली की ती थोड्या तासांतच वापरावी लागते. एका घरात १० पिल्ले असतात. म्हणून एकट्याने लस आणणे परवडत नाही.

माझी पालकांना विनंती आहे. आपण सर्वांनी एकाच आठवड्यात कोंबड्या रवणीला बसवल्या, तर पिल्लेही एकाच आठवड्यात निघतील. मग एका बाटलीत सगळ्या वाडीच्या पिल्लांना लस होईल. कोणाच्या घरी किती पिल्ले आहेत याची यादी आम्ही चौथीची मुले करून देऊ.

हे लक्षात ठेवा

१. पिल्लांना रोज ताजे पाणी द्या. ताटली धुऊन घ्या.
२. खाद्य थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा टाका. पहिल्या आठवड्यात एका पिल्लाला दिवसाला साधारण १० ग्रॅम पुरते.
३. भिजवलेले खाद्य उरले तर संध्याकाळी काढून टाका. ते आंबते.
४. अख्खे दाणे देऊ लागल्यावर बारीक वाळूही ठेवा. कोंबडीला दात नसतात. तिच्या पोटात जाड पिशवी असते, तिथे खडे आणि दाणे एकमेकांवर घासून दाणे बारीक होतात.
५. खालचे अंथरूण ओले राहू देऊ नका. ओल्यामुळे पिल्लांना रक्ताची हगवण लागते.

सांगा पाहू

१. एक दिवसाचे पिल्लू न खाता कसे जगते?
२. ७ भाग बाजरीऐवजी ७ भाग ज्वारी घेतली, तर १० भागांत प्रथिने किती होतील? (ज्वारीत १०० ग्रॅमला १० ग्रॅम प्रथिने धरा.)
३. तुमच्या आजीच्या वेळी पिल्लांना काय घालत होते? घरी विचारा आणि पुढच्या भित्तिपत्रकासाठी लिहून आणा.

— इयत्ता चौथीची विद्यार्थिनी